मी मापाची चौकट, दोन बोटांनी खोटी

थांबा, थांबा, एवढी घाई कसली! विमानात चढायचंय ना? मग आधी माझ्याकडे यायचं. गेटच्या डाव्या हाताला, रांगेच्या अगदी तोंडाशी, एक निळी लोखंडी चौकट उभी असते बघा. वरून उघडी, खालून बंद, आणि लोक तिच्यात आपली बॅग घालून बघतात. तीच मी! मित्रांनो, मी एक जुनी मापाची चौकट आहे, पण माझ्याइतकी गंमत त्या अख्ख्या विमानतळावर कुणी बघितली नसेल. विमानांना काय, नुसते ढग दिसतात. मला माणसं दिसतात, आणि तीही बॅग अडकलेली असताना!

माझं काम सांगायला सोपं. बॅग माझ्यात बसली, तर ती फुकट विमानात जाते. नाही बसली, तर तिचे पैसे पडतात. किती पडतात ते पुढे सांगते, नाहीतर तुम्ही आत्ताच मटकन खाली बसाल.

माझा जन्म एका अरुंद गल्लीत झाला. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला काचवाला, आणि मध्ये वेल्डिंगचं दुकान. दुकानात दोघंच. वेल्डर आणि त्याचे म्हातारे वडील. वडिलांचे डोळे आयुष्यभर ठिणग्या बघून अधू झालेले, पण जीभ आणि बोटं शाबूत होती. वेल्डर माझ्या पट्ट्या जोडत होता, ठिणग्या भुईनळ्यासारख्या उडत होत्या, आणि मी अजून पुरती जन्मलेही नव्हते तरी मला कोण आनंद झाला होता!

"बाबा, झाली ही," वेल्डर म्हणाला. "विमान कंपनीचं काम आहे. अजून एकोणचाळीस करायच्यात. पटापट उरकू."

"मोजलीस?" वडिलांनी विचारलं.

"दोनदा मोजली."

"परत मोज."

"अहो बाबा, दोनदा मोजली म्हणतोय ना!"

"खुर्ची बोटभर चुकली तर माणूस सरकून बसतो. ही दुसऱ्यांना मोजणार आहे. हीच चुकली तर कळणार कुणाला? मोज गुपचूप."

वेल्डरने कपाळाला हात मारला आणि मला तिसऱ्यांदा मोजलं. मग वडिलांनी हातोडी आणि आकडे ठोकायचे खिळे मागून घेतले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी बोटांनी चाचपून त्यांनी माझ्या पुढच्या खालच्या पट्टीवर तीन आकडे ठोकले. उंची पंचावन्न, रुंदी चाळीस, जाडी वीस, सगळं सेंटिमीटरमध्ये. एकेका ठोक्याला मी अशी काही खणखणले की टायरवाला बाहेर येऊन बघायला लागला. दुसऱ्या दिवशी मला निळा रंग दिला आणि टेम्पोत चढवलं.

विमानतळ! काय सांगू मित्रांनो! गुळगुळीत फरशी, उंच काचा, आणि काचांच्या पलीकडे पोट टेकून बसलेली खरीखुरी विमानं. मी तर हरखूनच गेले. कंपनीने माझ्या कपाळावर म्हणजे वरच्या पट्टीवर एक झगझगीत कागद चिकटवला. 'एवढ्याशा भाड्यात आकाशात!' त्याच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणखी काही तरी लिहिलेलं होतं. आसन निवडायचे पैसे वेगळे, पाण्याचे वेगळे, पास इथे छापून घेतला तर त्याचे वेगळे, सामानाचे तर फारच वेगळे. पण ती ओळ वाचायला कुणी वाकल्याचं मी तरी बघितलं नाही. माणसं भाड्याचा मोठा आकडा बघायची आणि खूश व्हायची.

पहिली दोन वर्षं म्हणजे नुसती धमाल! गेटवर पिवळा स्कार्फ बांधणारी एक मुलगी होती. तिचं नाव मला कधी कळलं नाही. सगळे तिला 'पिवळा स्कार्फ' म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. एखाद्याची फुगलेली बॅग दिसली की ती हसून म्हणायची, "घाला बरं चौकटीत, बघू या!" मग अख्खी रांग माना उंचावून बघायची. माणूस बॅग घालायचा. अडायची. हलवायचा. गुडघ्याने दाबायचा. कुणीतरी मागून ओरडायचं, "अहो, तिरकी घाला!" दुसरा म्हणायचा, "चाकं आधी!" आणि मग सर्रकन बॅग खाली जायची आणि सगळे एकदम ओरडायचे, "बसली!" टाळ्या वाजायच्या हो, टाळ्या! अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीवर थाप मारायची. मी मनातल्या मनात उड्या मारायचे. जी बसायची तिला बसवायचं आणि जी खरंच मोठी असेल तिला अडवायचं, यात मी काडीचाही फरक केला नाही.

माझी एक जिवाभावाची मैत्रीण होती. सफाईवाल्या मावशी. रोज सकाळी त्या ओल्या फडक्याने माझी एकेक पट्टी पुसायच्या आणि बोलायच्या. त्यांच्या एप्रनच्या खिशात च्युइंगम खरवडायची पत्र्याची पट्टी असायची. लोक च्युइंगम चघळून कुठे चिकटवतील सांगता येत नाही, आणि माझ्यावर तर हमखास चिकटवायचे. "तुझ्या अंगाला काय मध लागलाय का गं?" असं म्हणत मावशी ते खरवडून काढायच्या.

आणि मग तो मंगळवार उजाडला.

गेटवर नवे साहेब आले होते. कडक इस्त्री, टायला पिन, आणि एका कानाला फोन कायमचा डकवलेला. त्या सकाळी ते स्वतः एक ढकलगाडी ढकलत आले. गाडीवर जाहिरातींचे जड फलक रचलेले. फोनवर ते कुणाला तरी सांगत होते, "हो, हो, लगेच लावतो," आणि नजर भलतीकडे. धाडकन! गाडीचा कोपरा माझ्या डाव्या बरगडीवर आदळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणा ना. पडले नाही, पण ती पट्टी आत वाकली. चांगली दोन बोटं आत.

मावशी तिथेच पुसत होत्या. "साहेब, चौकट वाकली बघा!"

साहेबांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "चालतंय. उद्या दुरुस्तीवाल्याला बोलावतो."

उद्या आलाच नाही. त्याचं कारण ऐका. त्याच आठवड्यात माझ्यात अडकणाऱ्या बॅगा दुपटीने वाढल्या. वाढणारच! वीसच्या जागी साडेसोळाच उरले होते. मापात शिवलेल्या, मापात घेतलेल्या, अगदी व्यवस्थित बॅगाही अडकायला लागल्या, आणि त्यांच्या मालकांना तिकिटाच्या दुप्पट पैसे भरावे लागले. होय, दुप्पट! तिकीट एवढंसं आणि बॅग त्याच्या दुप्पट. आता बसलात ना खाली? महिनाअखेरीला मुख्य कार्यालयातून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं आणि एक चकचकीत ढाल आली. 'उत्तम गेट.' साहेबांनी ढाल भिंतीवर लावली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "ही तर आमची दुभती गाय निघाली!"

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? मी फुशारले! चाळीस बहिणींमध्ये मी पहिली आले, असं मला वाटायला लागलं. साहेबांनी माझ्या पुढच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक मोठा नवा कागद डकवला. तोच तो, 'एवढ्याशा भाड्यात आकाशात!' त्यात वाकलेली बरगडी झाकली गेली आणि म्हाताऱ्या बाबांनी ठोकलेले आकडेही झाकले गेले. मला वाटलं, नवा अंगरखाच मिळाला. इतकी मी मूर्ख!

टाळ्या बंद झाल्या होत्या, हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. आता कुणी 'बसली!' म्हणून ओरडत नव्हतं. लोक घामाघूम व्हायचे, बाजूला बसून बॅग उपसायचे. एक शाळेतले मास्तर आले होते, साठीचे, बारीक अंगाचे. त्यांनी बॅगेतले चार शर्ट काढले आणि एकावर एक चढवले. वर पुस्तकं कमरेला खोचली. तरीही बॅग बसेना. मास्तर लोकांकडे बघून हसत होते, पण त्यांचे कान लालभडक झाले होते. शेवटी त्यांनी पैसे भरले आणि फुगलेल्या अंगाने, हात लांब धरून निघून गेले. पिवळा स्कार्फ खाली मान घालून पावती फाडत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. ओरडून सांगावंसं वाटलं, "मास्तर, तुमची बॅग बरोबर आहे हो, मीच वाकडी आहे!" पण लोखंडाला कुठलं तोंड?

असं वर्ष गेलं. मावशी पुसताना रोज वाकलेल्या बरगडीवरून बोट फिरवायच्या आणि पुटपुटायच्या, "दोनदा सांगितलं मी साहेबांना. आता तिसऱ्यांदा सांगितलं तर मलाच घरी बसवतील." पिवळा स्कार्फ आता 'घाला बरं' असं हसून म्हणत नसे. नुसतं माझ्याकडे बोट दाखवायची.

आणि मग, मित्रांनो, ती आली!

दुपारी बाराचं विमान होतं. रांगेत पन्नाशीची एक ठेंगणी, जाडसर बाई उभी होती. चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, आणि त्याच गळ्यात कापड मोजायचा टेप! दुकानातून तशीच उठून आली होती. तपासणीवाल्यांनी हसून विचारलं असेल, तेव्हा कुठे तिला कळलं असेल की टेप गळ्यातच राहिलाय. व्यवसायाने शिंपीण, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. हातात राखाडी जाड कापडाची, स्वतः शिवलेली बॅग. काय शिलाई होती! दुहेरी टीप, एक टाका इकडे की तिकडे नाही. मला तर बघताक्षणी ती बॅग आवडली.

"ताई, बॅग चौकटीत घालून बघा," पिवळा स्कार्फ म्हणाली.

"अगं, घालते की! तुमच्या कंपनीचं माप बघूनच शिवलीय." शिंपीण मोठ्या उत्साहात पुढे आली. "वीस म्हणता ना जाडीला? मी साडेअठराच धरलं. आमची सवयच असते, थोडं हातचं राखायची."

बॅग माझ्यात उतरली आणि अर्ध्यावर घट्ट अडकली.

शिंपिणीने हलवून बघितलं. दाबून बघितलं. तिचा चेहरा उतरला. "असं कसं? माझं माप चुकत नाही गं."

साहेब लगबगीने आलेच. "बाई, बसत नाही. पैसे भरा."

"किती?"

साहेबांनी आकडा सांगितला. शिंपिणीने दोन्ही हातांनी माझी वरची पट्टी धरली. तिचे हात गार पडले होते, ते मला जाणवलं.

"अहो, तिकीट याच्या निम्मं होतं! आणि त्यात सुद्धा मी आसन नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, पास घरून छापून आणला. फुकट काय आहे असं विचारलं, तर तुमचा माणूस म्हणाला, श्वास घ्या. माझ्याकडे परतीचं तिकीट आणि बसपुरते पैसे आहेत. दुसरे नाहीत."

"मग बॅग इथेच ठेवा आणि तुम्ही जा."

"बॅगेसाठीच तर चाललेय मी!"

मागे दाढीवाला एक माणूस उभा होता. तो करवादला, "ओ बाई, आवरा की! विमान काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

तशी शिंपीण वळली. तिचा आवाज चढला. "माझी मुलगी जहाजावर आहे. इंजिन सांभाळते. आज पाच वाजता जहाज सुटतंय. मग नऊ महिने ती दिसणार नाही. दीड वर्ष झालं, आम्ही बोललो नाही आहोत. मीच म्हटलं होतं तिला, गेलीस तर परत घरी येऊ नकोस म्हणून. काय जीभ होती माझी त्या दिवशी! पण परवा तिचा फोटो बघितला कुणाकडे तरी. डेकवर उभी, वारा सुटलाय, अंगात पातळ शर्ट. हा कोट शिवलाय तिच्यासाठी. मला सॉरी म्हणता येत नाही हो. शिवता येतं."

दाढीवाला एक पाऊल पुढे आला. मग हळूच म्हणाला, "बाई, मग कोट अंगात घाला ना! घातलेल्या कपड्यांचे पैसे नसतात."

झालं! रांगेत एकदम जान आली. शिंपिणीने बॅग उघडून कोट काढला. गर्द निळा, जाडजूड, आत मऊ अस्तर, मोठे खिसे. तिने एक हात घातला. बाही कोपराशीच थांबली. दुसरा हात तर मागेच अडकला. मुलगी उंच आणि सडपातळ, आई ठेंगणी आणि भरलेली. "पोरगी बापावर गेलीय," शिंपीण हात अडकलेल्या अवस्थेत म्हणाली, आणि सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मी हातात धरून नेते कोट."

"घातलेला चालतो, हातातला नाही," साहेब म्हणाले. "नियम आहे. गेट दहा मिनिटांत बंद होतंय."

"पण माझी बॅग साडेअठरा आहे!"

"चौकटीत बसत नाही म्हणजे बसत नाही. चौकट काय खोटं बोलते का?"

मित्रांनो, हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. होय, बोलते! वर्षभर बोलतेय! कुणीतरी मोजा मला! बाबा, तुमची हातोडी आणा आणि घाला माझ्या डोक्यात!

आणि शिंपिणीने माझ्याकडे बघितलं. शिंपी लोक गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याचा खांदा किती आणि कंबर किती हे ओळखतात ना, अगदी तसं. तिने दोरीवरचा चष्मा डोळ्यांवर चढवला. गळ्यातला टेप काढला.

"अगं बाई, हिची तर एक बाजू आत गेलीय!"

"ओ, ते मापबिप तुमच्या दुकानात!" साहेब पुढे झाले.

"माप दुकानात आणि बाहेर वेगळं असतं का हो?" आणि तिने टेप माझ्या पोटात ताणला. "साडेसोळा! बघा, बघा कुणीतरी! साडेसोळा!"

दाढीवाला वाकला. "साडेसोळाच आहे!" त्याच्यामागची आजी वाकली. "साडेसोळा!" रांग मोडली. सगळे माझ्याभोवती. साहेब म्हणाले, "आमची चौकट तेवढीच आहे. आम्ही तेवढंच माप ठेवलंय."

आता काय? शिंपिणीच्या हातातला टेप लोंबकळत राहिला. खरंच, चौकट कंपनीची, माप कंपनीचं. तिच्या शब्दाला कोण विचारणार? आणि तेवढ्यात गर्दीतून ओला एप्रन घुसला. मावशी! त्यांनी साहेबांकडे बघितलंही नाही. गुडघ्यावर बसल्या, खिशातून च्युइंगमची पट्टी काढली आणि माझ्या अंगावरचा तो मोठा कागद खालून खरवडायला लागल्या. मुंगीच्या पावलांची ओळ गेली, 'आकाशात' गेलं. 'भाड्यात' गेलं. 'एवढ्याशा' गेलं. आणि खाली, निळ्या रंगात, एका म्हाताऱ्या माणसाने चाचपून ठोकलेले तीन आकडे उघडे पडले.

"पंचावन्न," मावशी एकेक आकडा लावत वाचू लागल्या. "चाळीस. वीस!"

"वीस!" अख्खी रांग ओरडली.

"ढकलगाडी आदळली होती साहेबांची," मावशी उठता उठता म्हणाल्या. "वर्षापूर्वी, एका मंगळवारी. मी बघितलंय. दोनदा सांगितलंय. आता तिसऱ्यांदा सांगितलं. घरी बसवायचं तर बसवा."

साहेब लालबुंद झाले. "मी तक्रार करीन! सगळ्यांची!"

सगळ्यांच्या नजरा पिवळ्या स्कार्फकडे गेल्या. तिची नोकरी, तिचे साहेब. ती माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटतं, तिला मास्तर आठवले असावेत. मग तिने माइक उचलला. "ज्यांना ज्यांना बॅगेसाठी बाजूला थांबवलंय, त्यांनी बॅगा घेऊन लगेच पुढे या. कुणी पैसे भरायचे नाहीत." मग माइक खाली ठेवून म्हणाली, "साहेब, करा तक्रार. मी सही करते. पण आधी हे विमान भरू दे."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! वर्षभराने मी टाळ्या ऐकत होते. दाढीवाल्याने माझ्यात अडकलेली बॅग हिसका देऊन बाहेर काढली, शिंपिणीने कोट आत कोंबला, आणि पिवळा स्कार्फ ओरडली, "पळा ताई, पळा! तीन मिनिटं!" शिंपीण पळाली. चष्मा छातीवर आपटतोय, बॅग पोटाशी धरलेली, आणि ती ठेंगणी बाई बोगद्यातून अशी सुसाट गेली की मला माझे चार पाय फरशीला टेकलेले असूनही धावल्यासारखं वाटलं. दार बंद झालं. मग ध्यानात आलं, तिचा टेप माझ्याच बरगडीला लटकत राहिलाय.

पोहोचली का ती? विमान उशिरा गेलं असेल तर? बंदरापर्यंत गाडी मिळाली असेल का? मला कोण सांगणार! तीन दिवस माझ्या जिवाची नुसती घालमेल झाली.

त्या तीन दिवसांत पुष्कळ घडलं. दाढीवाल्याने काढलेले माझे फोटो म्हणे सगळीकडे फिरले. साहेब त्या गेटवर पुन्हा दिसले नाहीत. मुख्य कार्यालयाने काही लोकांना पैसे परत केले, सगळ्यांना नाही. चार शर्टवाल्या मास्तरांना मिळाले का, ते मला आजही माहीत नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाही. मावशींना घरी बसवायची कुणाची छाती झाली नाही. आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने वेल्डरला बोलावलं. तोच आला! केस पांढरे झालेले. एकटाच. म्हातारे बाबा आता नव्हते. त्याने माझी बरगडी बघितली, खालचे आकडे बघितले, त्यांच्यावरून अंगठा फिरवला, आणि मला म्हणाला, "कुणी केलं गं हे तुला?" मग बरगडी सरळ केली आणि मोजली. एकदा. दोनदा. पिवळा स्कार्फ म्हणाली, "झालं ना काका?" तो म्हणाला, "नाही," आणि तिसऱ्यांदा मोजली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, परतीच्या विमानातून उतरून, रिकामी राखाडी बॅग हलवत शिंपीण माझ्यासमोर उभी राहिली.

"पोहोचलात?" पिवळ्या स्कार्फने जवळजवळ किंचाळूनच विचारलं. मावशी पोछा टाकून धावत आल्या.

"पोहोचले! साडेचारला! मला बघून पोरगी आधी मागेच सरकली. मी काही बोललेच नाही. कोट पुढे केला. तिने घातला." शिंपीण थांबली. "आणि बाह्या दोन बोटं आखूड!"

"अरे देवा!" मावशी म्हणाल्या.

"फोटोवरून माप घेतलं होतं ना मी. दीड वर्षात लेक बघितलीच नव्हती, कुठून बरोबर येणार? ती म्हणाली, 'चालतंय आई, छान आहे.' मी म्हटलं, चालतंय काय, काढ! आत दुमडून जास्तीचं कापड ठेवलं होतं मी. तिथेच धक्क्यावर बसले, दाताने टीप उसवली, बाह्या सोडल्या. टेप तर इथे राहिलेला! बोटांनीच मोजलं. सुई तिच्याकडची. दुसरी बाही होते न होते तोच भोंगा वाजला. ती बाही माझ्या हातात, हात तिचा बाहीत, आणि ती म्हणाली, 'आई, मी परत येते तेव्हा घरी येऊ?'"

शिंपिणीने पदराने डोळे पुसले. पिवळ्या स्कार्फनेच तिला जवळ घेतलं.

"काय म्हणालात तुम्ही?" मावशींनी नाक पुसत विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, ये, बाहीला अजून एक टीप घालायची राहिलीय."

मग पिवळ्या स्कार्फने ड्रॉवरमधून टेप काढून पुढे केला. शिंपिणीने तो घेतला, चष्मा लावला, आणि सरळ माझ्या पोटात ताणला. मी श्वास रोखला.

"वीस," ती म्हणाली. "आता शहाणी झालीस." आणि टेप पिवळ्या स्कार्फच्या गळ्यात अडकवून म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे दुकानात आणखी आहेत."

तेव्हापासून रोज सकाळी गेट उघडायच्या आधी मावशी मला पुसतात आणि पिवळा स्कार्फ मला मोजते. अजूनही आसनाचे पैसे पडतात, पाण्याचे पडतात, आणि मुंगीच्या पावलांची ओळ दुसऱ्या एका खांबावर आहे. तिकीट काढताना ती ओळ वाचायला जरा वाका, एवढं माझं ऐका. माझ्या अंगावर मात्र आता कागद नाही, आणि बॅग खाली गेली की रांग पुन्हा ओरडते, "बसली!"

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या कुणासमोर उभे राहाल. चौकट असेल, तराजू असेल, नाहीतर एखादं माणूस असेल. तुमचं काहीतरी त्यात बसणार नाही, आणि सगळे तुम्हालाच म्हणतील की तुमचंच चुकलं. तेव्हा लगेच मान खाली घालू नका. आम्हीसुद्धा वाकतो हो, कळत नकळत, दोन बोटं. आमच्यावरचा कागद काढा, आम्हाला पुसा, आणि मोजा. खरं सांगते, आम्हाला राग येत नाही. मी तर रोज सकाळी त्या टेपची वाट बघत उभी असते.